सस्तन : एका शब्दाची हकिगत

स्मरणिका समितीच्या पत्रासोबत विषयांची यादीच आली होती: शाळेने दिलेले संस्कार, अविस्मरणीय स्नेहसंमेलन, माझे आवडते शिक्षक. संस्कारांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. स्नेहसंमेलनात मी कायम पडद्याची दोरी ओढायला. राहता राहिले आवडते शिक्षक. तर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फोनवर आधीच तंबी दिली, "माझं नाव छापून आलं तर स्मरणिका परत पाठवीन, पोस्टाचा खर्च तुझा." म्हणून इथे त्यांचं नाव नाही आणि गौरवही नाही. त्यांनी आठवीत शिकवलेल्या एका शब्दाची हकिगत तेवढी सांगते. शब्द आहे 'सस्तन'. अमृतमहोत्सवी अंकात हा विषय काहींना चमत्कारिक वाटेल. वाटू दे.

वर्गीकरणाचा धडा म्हणजे आमच्या वेळी निव्वळ घोकंपट्टी. चपटकृमी, गोलकृमी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी असं सगळा वर्ग पाढ्यांच्या तालावर म्हणायचा. मग पाठीचा कणा असलेले: मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, आणि शेवटी तो शब्द. तिथे आवाज एकदम खाली जायचा. मुलांच्या बाजूला खसखस पिकायची, आम्ही मुली बाकाच्या फळीवरची शाईची नक्षी बघत बसायचो. 'हा भाग घरी वाचा' म्हणून पुढे जाणारे शिक्षक तेव्हा होते, आताही असतील. बाईंनी फळ्यावर टपोऱ्या अक्षरात शब्द फोडून लिहिला आणि हात झटकून म्हणाल्या, "स म्हणजे सहित. सपत्नीक, सविनय, सस्तन. लग्नपत्रिकेत सपत्नीक वाचता तेव्हा हसू येतं का कुणाला?"

मग त्या मुलांच्या बाजूला वळल्या. "आणि तुम्ही हसणारे, तुम्ही सस्तन आहात की नाही?"

कोणीच काही बोलेना.

"या जवळजवळ सगळ्या प्राण्यांच्या अंगावर थोडेफार तरी केस असतात. नराच्याही, मादीच्याही, म्हाताऱ्याच्याही. कानात प्रत्येकाच्या हातोडा, ऐरण, रिकीब अशी तीन हाडं असतात. खालचा जबडा दर बाजूला एकाच हाडाचा. रक्त गरम, हृदयाचे कप्पे चार. एवढी सगळी लक्षणं सोडून, निम्म्या मंडळींच्या अंगात आणि तेही आयुष्यातला थोडाच काळ जे काम चालतं, त्याच्यावरून अख्ख्या वर्गाचं नाव का ठेवलं? 'सकेश' का नाही ठेवलं? कोणी ठेवलं हे नाव, आणि त्याला काय पडलं होतं?"

हा प्रश्न परीक्षेला येणार नव्हता. आमच्या वाचनालयाच्या एकुलत्या एका कपाटात त्याचं उत्तरही नव्हतं. पण बाईंची रीत अशी की प्रश्न टाकायचा, पोरांना आठवडाभर कुरतडू द्यायचा आणि मग शुक्रवारच्या शेवटच्या तासाला थोडं थोडं उलगडायचं. काही त्यांनी सांगितलं, काही मी नंतर माझ्या धंद्याच्या निमित्ताने वाचलं. आता दोन्ही इतकं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही.

नाव ठेवणारा माणूस कार्ल लिनियस. जन्म १७०७, स्वीडनमधला, पाद्र्याचा मुलगा, पेशाने डॉक्टर. १७३५ साली हॉलंडमधल्या लायडन गावात त्याने 'सिस्टिमा नॅचुरी' या नावाचं पुस्तक छापलं. पुस्तक कसलं, मोठाल्या आकाराची जेमतेम डझनभर पानं. त्यात दगडधोंडे, झाडं आणि प्राणी यांची रांगेने मांडणी. त्या पहिल्या आवृत्तीत आपल्या वर्गाचं नाव होतं 'क्वाड्रुपेडिया', म्हणजे चतुष्पाद. ते ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलंच होतं. पण लिनियसने माणसालाही माकडांशेजारी त्याच चतुष्पादांत बसवलं आणि बोंब झाली. दोन पायांवर चालणारा, देवाने आपल्या प्रतिमेत घडवलेला माणूस चार पायांच्या जनावरांत? धर्मवाल्यांना ते रुचलं नाही, पण निसर्गाच्या अभ्यासकांनाही पटलं नाही, कारण पायांची मोजदाद खरंच जमत नव्हती. वटवाघळाचे पाय किती मोजायचे? देवमाशाचे? देवमासा तर लिनियसच्या सुरुवातीच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये माशांतच पोहत होता.

दहावी आवृत्ती आली १७५८ साली, आणि तीत एका दमात बरंच काही बदललं. चतुष्पाद गेले, त्यांच्या जागी 'मॅमॅलिया' आले. देवमासा माशांतून उठून इकडे आला. माणसाला 'होमो सेपियन्स' हे नाव मिळालं तेही इथेच. आज प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब या आवृत्तीपासून धरतात. त्याआधीची नावं जमेत नाहीत. मॅमॅलिया हा शब्द लिनियसने स्वतः घडवला. लॅटिनमध्ये 'मामा' म्हणजे स्तन, आणि तान्ह्या पोराच्या तोंडी आईसुद्धा. आपल्याकडे पोरं भूक लागली की 'मंमं' करतात, तोच ओठ मिटून निघणारा आवाज. तर मॅमॅलिया म्हणजे 'स्तनांचे', 'स्तनांवरून ओळखायचे'. आपला 'सस्तन' त्याच्या अगदी जवळचा. जर्मन लोकांनी मात्र 'पाजणारे प्राणी' असा शब्द केला, अवयव बाजूला ठेवून क्रिया घेतली. हिंदीत 'स्तनपायी' म्हणतात, म्हणजे पिणाऱ्याच्या बाजूने. हे फरक वरवर किरकोळ आहेत, पण पुढे प्लॅटिपस नावाच्या एका प्राण्याने त्यांची परीक्षा घेतली. ते येईलच.

दुसरा शब्द सुचलाच नसता असंही नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या जॉन रे या निसर्गअभ्यासकाने चतुष्पादांऐवजी 'केसाळ' अशा अर्थाचा 'पिलोसा' सुचवला होता. म्हणजे बाईंचा 'सकेश' लिनियसच्या कितीतरी आधीच टेबलावर होता. लिनियसने तो उचलला नाही.

आता थोडं आमच्या गावाकडे येते, कारण देवमाशाची गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही. त्याच वर्षी, पावसाळा नुकताच सरला होता तेव्हा, बंदराच्या दक्षिणेला पुळणीवर एक मेलेला देवमासा लागला. सकाळी प्रार्थनेच्या आधीच बातमी शाळेत पोचली. बाईंनी मुख्याध्यापकांना काय सांगितलं माहीत नाही, पण तिसऱ्या तासाला आमची आठवी रांगेने पुळणीवर निघाली होती. वास अर्ध्या वाटेवरच यायला लागला. कोणीतरी आधीच येऊन देवमाशाच्या डोक्याकडच्या वाळूत हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. एक तांडेल आरडत होते, "लांब राहा रे पोरांनो, फुटेल तो!" पोट खरंच तट्ट फुगलं होतं.

तोंड अर्धवट उघडं. आत दात नव्हते, वरच्या जबड्याला माडाच्या हिरांच्या खराट्यासारखी दाट झालर लोंबत होती. कातडी काळपट निळी, काही ठिकाणी सोलून निघालेली, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत लांबलचक वळ्या. बाईंनी पदर नाकाला बांधला, तांडेलांची वल्ह्याची काठी मागून घेतली आणि लांबूनच पोटाच्या मध्यावर टेकवली. "ही काय आहे?"

बेंबी होती. स्वच्छ दिसणारी बेंबी.

"माशाला बेंबी असते का?" बाईंनी विचारलं. मग काठी शेपटीकडे सरकवली. तिथे एक लांब चीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बोटभर लहान चीर. "मादी आहे. या दोन चिरांच्या आत स्तनाग्रं असतात. पाण्यातून वेगाने जायचं तर अंगावर काही लोंबून चालत नाही, म्हणून आत. पिल्लू जवळ आलं की आईचे स्नायू दूध त्याच्या तोंडात पिचकारतात." वर्गात खसखस पिकवणारी तीच मुलं, पण पुळणीवर कोणी हसलं नाही. वासाने तोंड उघडायची सोय नव्हती हे खरं, तरी कारण तेवढंच नसावं. पुढे मी वाचलं की निळ्या देवमाशाच्या दुधात ३५ ते ५० टक्के स्निग्धांश असतो. आईच्या दुधात चारच्या आसपास, आणि ज्याच्या सायीचं आपण कौतुक करतो त्या म्हशीच्या दुधात सातएक टक्के.

डॉल्फिन हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना पाजतात हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. म्हणजे लिनियसच्या दोन हजार वर्षं आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट. पण वर्गाचं नाव चतुष्पाद असेतो देवमाशाला आत घ्यायला दार नव्हतं. नाव बदललं आणि दार उघडलं. त्या दृष्टीने लिनियसची निवड अक्कलहुशारीची होती हे मान्य करायला हवं. देवमाशाच्या अंगावर केस शोधायला गेलात तर थोबाडावर मोजके राठ केस सापडतील, तेही काहींच्याच. 'सकेश'ने त्याला आत घेणं जड गेलं असतं.

पण हेच मोजमाप कधी कधी भलतीकडे नेतं. शाळेच्या मागच्या वडावर वटवाघळांची वस्ती होती (वड अजून आहे, वटवाघळं आहेत का ते सध्याच्या विद्यार्थ्यांनी कळवावं). एकदा एक पिल्लू खाली पडलं. शिपाईमामांनी ते फडक्यात उचलून प्रयोगशाळेत आणलं. इवलंसं तोंड, ओले काळे डोळे, आणि दुधाचे दात मागे वळलेले, आकड्यासारखे. आई उडत असताना तिच्या स्तनाग्राला घट्ट धरून राहायला ते दात लागतात. वटवाघळीणीचे स्तन काखेजवळ, छातीवर, दोनच. आपल्यासारखे. आणि नेमकं याच कारणाने लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत वटवाघळांना माणूस, माकडं आणि लेमूर यांच्याबरोबर 'प्रायमेट्स' या सर्वोच्च पंगतीत बसवलं! वरचे पुढचे दात चार, छातीवर स्तन दोन, एवढी अट. वटवाघूळ ती पुरी करतं. मग हत्तीण का नाही, तिचेही स्तन छातीवर दोनच असतात, असं आमच्यातल्या कोणीतरी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "दातांमुळे बिचारी मुकली." हत्ती पडला खवले मांजराच्या गटात. खवले मांजर म्हणजे आपल्या चिपळूणच्या जंगलात सापडतं तेच. नावात मांजर, अंगावर खवले, खातं मुंग्या आणि वाळवी, आणि पिल्लाला शेपटीच्या बुडाशी बसवून हिंडवतं. तेही सस्तनच. पुढच्या अभ्यासकांनी हे सगळे गट मोडून पुन्हा बांधले. मोठ्या वर्गाचं नाव मात्र तसंच राहिलं.

आता लिनियसला काय पडलं होतं, या प्रश्नाकडे. मी गेली अनेक वर्षं परिचर्या महाविद्यालयात शिकवते. बाळंतपण आणि नवजात बाळाची देखभाल हा माझा विषय, त्यामुळे पुढचं मला माझ्या घरचं वाटतं. १७५२ साली, म्हणजे मॅमॅलिया हे नाव येण्याच्या सहा वर्षं आधी, लिनियसने एक छोटा लॅटिन प्रबंध लिहिला. त्याचं नाव 'नुट्रिक्स नोव्हेर्का', अर्थ साधारण 'सावत्र दाई'. तेव्हा युरोपात सुखवस्तू घरांतल्या बायका आपली मुलं स्वतः पाजत नसत. दूध पाजणाऱ्या दाया नेमत किंवा मूल सरळ खेड्यात दाईकडे पाठवून देत. शहरांतल्या कामकरी बायकाही पोट भरायचं म्हणून तेच करत. १७८० सालचा पॅरिसच्या पोलीसप्रमुखाचा अंदाज प्रसिद्ध आहे: शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० मुलांपैकी जेमतेम १,००० मुलं आईच्या अंगावर पीत. दाईकडे गेलेल्या मुलांपैकी किती परत येत नसत, ते इथे लिहीत नाही.

लिनियस डॉक्टर, १७४१ पासून उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक, आणि सात मुलांचा बाप. शेवटची मुलगी १७५७ ची. त्याने दायांच्या प्रथेवर हत्यार उपसलं. देवमासा, सिंहीण, वाघीण असली भयंकर जनावरं आपल्या पिल्लाला अंगावर घेतात आणि तुम्ही बायका नाही, असा त्याचा सूर. देवमासा त्याच्या पुस्तकात तोवर माशांतच होता हे लक्षात घ्या. दूध पाजणारी आई म्हणून त्याने तो आधी वापरला आणि वर्ग नंतर बदलला. लोंडा शिबिंजर या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९९३ साली हे धागे जोडून दाखवले आणि मांडलं की मॅमॅलिया हे नाव नुसतं शरीरशास्त्रातून आलं नाही, या मोहिमेतूनही आलं. आमच्या बाईंनी 'त्याला काय पडलं होतं' हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी विचारला होता. त्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती. शंका होती.

त्या प्रबंधात पहिल्या दुधाची, चिकाची, बाजू लिनियसने घेतली आहे. चिकाने बाळाचं पोट साफ होतं, तो टाकू नये, असं त्याचं म्हणणं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला मनातल्या मनात सलाम केला, कारण आम्ही आजही हेच घसा फोडून सांगतोय. कोकणातल्या घरांत गाय व्याली की चिकाची वाट बघतात. खरवस होतो, वेलची-जायफळ पडतं, शेजारी वाट्या जातात. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा चीक 'जड असतो', 'बाधतो' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाच्या जिभेवर मध ठेवायचा! मी विद्यार्थिनींना सांगते, सासूबाईंशी वाद घालू नका, फक्त विचारा: वासराचा चीक आपण चवीने खातो, मग आपल्या बाळाचा का टाकायचा? या प्रश्नाने पुष्कळ ठिकाणी काम झालं आहे. बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यायचं आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आम्ही त्यानंतर सांगतो. डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आईचं दूध सर्वांत चांगलं हे डब्यावर छापावंच लागतं.

इथपर्यंत लिनियस आणि मी एका बाजूला. पुढे मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. त्याने दोन नावं एकाच आवृत्तीत दिली. जनावरांशी आपलं नातं सांगणारं लक्षण घेतलं बाईच्या शरीरातून, आणि जनावरांहून वेगळेपण सांगणारं नाव ठेवलं 'सेपियन्स', शहाणा. त्या काळात शहाणपण कोणाच्या नावावर जमा होतं ते सांगायला नको. विद्यापीठांची दारं बायकांना जवळपास बंदच होती. नर घोड्याला स्तनाग्रं नसतात, नर उंदरालाही नसतात, आणि ही तक्रार बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने त्याच शतकात केली होती. म्हणजे नाव निर्दोष होतं म्हणून टिकलं असं कोणी सांगू नये. ते टिकलं कारण ते काळाच्या मनासारखं होतं: बाईने घरी बसावं, पाजावं, आणि हे निसर्गाने ठरवलेलं आहे. १७९४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्यात कायदाच झाला की निरोगी आईने आपलं मूल स्वतः पाजलंच पाहिजे. पुढचं कलम त्याहून भारी: किती दिवस पाजायचं ते बापाने ठरवायचं. हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा एक तरी मुलगी म्हणतेच, "म्हणजे आमच्याकडे सासूबाई करतात ते काम तिकडे नवरा करायचा."

वॉर्डात मला हा काच रोज दिसतो. एखादीला तिसऱ्या दिवशीही दूध उतरलेलं नसतं, टाके दुखत असतात, बाळ रडत असतं, आणि खाटेभोवती चार बायका तिला हिरकणीची गोष्ट सांगत असतात. हिरकणी रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेली, आणि तुला बसल्या जागी जमत नाही? अशा वेळी मी आधी त्या चौघींना बाहेर चहाला पाठवते. मग बाळाला कसं धरायचं, तोंडात नुसतं टोक न जाता काळा भाग कसा जायला हवा, उशी कुठे ठेवायची, ते दाखवते. दहातल्या नऊ जणींचं तेवढ्याने भागतं. दहावीला वरचं दूध द्यावं लागतं, आणि तिच्या कपाळावर त्याबद्दल कोणी काही लिहू नये असं मला वाटतं. निसर्गाचा हवाला देऊन बाईला उपदेश करायची जुनी खोड आहे. तिचं एक मूळ मला लिनियसच्या त्या प्रबंधात दिसतं.

राहिला प्लॅटिपस. बाईंचा हा लाडका प्राणी; आमच्या आठवीने तो कधी पाहिला नव्हता आणि बहुतेकींनी आजवर पाहिलेला नसेल. ऑस्ट्रेलियातला हा प्राणी वाळवलेल्या कातडीच्या रूपात अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस इंग्लंडला पोचला. चोच बदकाची, शेपूट चपटी, अंगावर दाट केस. बनावट म्हणून शिवणीचे टाके शोधले गेले. केस आहेत, म्हणजे आपल्यातला. पण स्तनाग्रं कुठेच नाहीत. मग 'मॅमॅलिया'त घ्यायचा की नाही? मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात मादीच्या पोटात दुधाच्या ग्रंथी दाखवल्या, तरी फ्रान्समधले काही विद्वान ते दूधच नाही म्हणत राहिले. त्याला स्तनाग्र नाहीच. दूध पोटावरच्या कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते केसांवरून चाटून घेतात. वर तो अंडी घालतो. हे तिथल्या मूळ रहिवाशांना आधीपासून ठाऊक होतं. युरोपला पटायला १८८४ साल उजाडलं. विल्यम कॉल्डवेल नावाच्या तरुण संशोधकाने ऑस्ट्रेलियातून चार शब्दांची तार केली, ती सप्टेंबरमध्ये माँट्रियलच्या विज्ञान परिषदेत वाचली गेली: हे प्राणी अंडज आहेत, आणि अंड्याची वाढ कशी होते त्याबद्दलचा एक तांत्रिक शब्द. गंमत अशी की इकडे मराठीत काटेकोरपणे पाहिलं तर प्लॅटिपस 'सस्तन' ठरत नाही, जर्मनांच्या 'पाजणाऱ्यां'त मात्र बिनबोभाट बसतो. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "माझ्या हातात असतं तर मी दुग्धपोषी म्हटलं असतं. पण परीक्षेत सस्तनच लिहा, तपासनीस माझं ऐकणार नाहीत."

या लेखासाठी गेल्या महिन्यात त्यांना पुन्हा फोन केला आणि वरचं बरंचसं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, लिनियसबद्दल मी जे म्हणते ते त्यांना आवडेल. त्या म्हणाल्या, "तू एकच बाजू बघतेस. त्याला बायकांना घरी बसवायचं होतं, असेल. पण १७५८ साली माणसाला गाईम्हशी आणि वटवाघळांच्या ओळीत नेऊन बसवायची हिंमत किती जणांत होती? आणि ते सांगायला त्याने देवाची प्रतिमा घेतली नाही, राजाचा मुकुट घेतला नाही. आईचं दूध घेतलं. मला त्यात अपमान दिसत नाही."

मी म्हटलं, "पण बाई, मग तुम्ही तेव्हा वर्गात 'सकेश का नाही' म्हणून विचारलंत ते?"

"ते तुमची तोंडं बंद करायला," बाई म्हणाल्या.

या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, त्या येणार आहेत. आमच्या तुकडीतल्या ज्यांना या वादात पडायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत यावं. किल्ली शिपाईमामांच्या मुलाकडे असते.